अठरा टोपणं

नळीतल्या पाण्यात औषधाचे पाच थेंब पडले आणि पहिले काही क्षण काहीच झालं नाही. मग वरच्या थरात एक पुसट पिवळी रेघ उतरली, बोटभर खाली आली आणि विरून गेली. नळी मी आधी पांढऱ्या कागदापुढे धरली, मग आकाशापुढे धरली. दोन्हीकडून पाणी पाण्यासारखंच दिसत होतं.

“आलं का पिवळं?” अनसाबाईंनी विचारलं.

“नाही.”

“मला वाटलं माजंच डोळं गेलं. सकाळधरनं तीनदा बगितलं. म्हनलं, बाईंनाच दाखवावं.”

त्या विहिरीच्या कठड्याशी उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, हातात पावडरच्या डब्याचं निळं टोपण. बोरजाईच्या पिण्याच्या विहिरीत रोज जंतू मारणारी टीसीएल पावडर टाकायचं काम गेली सहा वर्षं त्यांच्याकडे होतं. ग्रामपंचायतीच्या कागदावर त्या ‘जलसुरक्षक’ होत्या, गावाच्या तोंडी ‘पावडरवाली अनसा’. पावडर पुरेशी पडली असेल तर नळीतलं पाणी हळदीसारखं पिवळं होतं. त्या चाचणीत समजून घेण्यासारखं एवढंच होतं, आणि ते त्यांना माझ्याइतकंच समजत होतं.

“आज किती टाकली?”

“सा टोपणं. काल बी सा. पानी चढल्यापास्नं रोज साच.” त्यांनी पंपाच्या खोलीकडे हात केला. “त्ये काय, लिवलंय की.”

खोलीच्या भिंतीवर ऑइलपेंटने एक कोष्टक रंगवलेलं होतं. आडव्या ओळीत विहिरीची रुंदी, उभ्या ओळीत पाण्याची खोली, आणि प्रत्येक चौकटीत किती टोपणं टाकायची ते. अनसाबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून आकड्यांऐवजी ठिपके काढलेले. गावची जुनी विहीर तीन मीटर रुंद होती. तिच्यात दोन मीटर पाणी असलं तर एक ठिपका. ही नवी विहीर नऊ मीटर रुंद, आणि त्या ऑगस्टमध्ये तिच्यात चार मीटर पाणी होतं. तिच्या चौकटीत सहा ठिपके. कोष्टकाखाली बारीक अक्षरांत नाव होतं: शं. बा. माळवदे, मुख्याध्यापक.

सोमवारी पहाटे गावात जुलाब-उलट्यांची लागण सुरू झाली होती. मंगळवारी, म्हणजे मी हे सांगते आहे त्या सकाळपर्यंत, एकेचाळीस माणसं आमच्या शाळेच्या वर्गांत सतरंज्यांवर पडून होती. सलाईनच्या बाटल्या फळ्याच्या खिळ्यांना टांगल्या होत्या. आणि परीटआळीतली दोन वर्षांची ऋतुजा तालुक्याला नेताना जीपमध्येच गेली होती.

“अनसाबाई, अजून बारा टोपणं टाका.”

“बारा?”

“बारा.”

“म्हंजी समदी अठरा झाली. आवो, वास सुटंल. बाया घागरी माज्या डोक्यात घालतील.”

“सुटू दे वास.”

त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “तितं तर सा ठिपकं हायती. सरांनी इचारलं तर काय सांगू?”

त्यावर मी काय उत्तर दिलं ते मला अक्षरन् अक्षर आठवतं.

“आत्ता त्यांना काही सांगू नका. ते दोन रात्री झोपलेले नाहीत. मी बोलेन त्यांच्याशी. तोवर कुणालाच सांगू नका.”

“न्हाई सांगत. सबुद दिला.”

शब्द मी मागितला नव्हता. त्यांनी आपणहून दिला आणि बारा टोपणं मोजून बादलीत कालवली. मोजताना त्यांचे ओठ हलत होते.

दुपारी दोनला आम्ही पुन्हा नळी भरली. पाच थेंब टाकले आणि पाणी लखलखीत पिवळं झालं.

“आवो, ही तर आमटीच झाली!” अनसाबाई म्हणाल्या आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या. तेवढ्यात माळवदेसर सायकल हातात धरून तिथून जात होते. त्यांनी नळी पाहिली, मान हलवली, “वा,” म्हणाले आणि गेले. मला वाटलं, झालं. पाणी दुरुस्त झालं, आता माणसं बरी होतील, बाकीचं सावकाश बघता येईल.

संध्याकाळपर्यंत गावाने मात्र आपला निकाल लावला होता. मी राहत होते त्या खोलीसमोर नळाचा ओटा होता. तिथलं बोलणं खिडकीतून सरळ आत यायचं.

“पावडर कुटं जाती म्हायती हाय का? हिच्या म्हशीच्या गोठ्यात बगा जाऊन. कसा पांढरा लख्ख हाय.”

“म्हस काय जुलाब करती व्हय?”

“म्हस न्हाई करत. लेकरं करत्यात.”

कुणीतरी हसलं. मग ऋतुजाच्या आजीला येताना पाहून सगळ्या गप्प झाल्या असाव्यात, कारण नंतर नुसता घागर भरल्याचा आवाज येत राहिला.

बुधवारी वर्ग भरवायला जागा नव्हती. आठवीतली आजारी नसलेली बावीस मुलं मी चावडीच्या ओसरीत बसवली. धडा चलनाचा होता. एक राशी दुसरीच्या पटीत वाढते ते समचलन. एक राशी दोन-तीन राशींच्या गुणाकाराच्या पटीत वाढते ते संयुक्त चलन. पुस्तकातली उदाहरणं मजुरांची आणि दिवसांची होती. ती मी बाजूला ठेवली आणि फळकुटावर खडूने माझं उदाहरण लिहिलं:

तीन मीटर रुंदीच्या गोल विहिरीत दोन मीटर पाणी असताना एक टोपण पावडर लागते. तर नऊ मीटर रुंदीच्या गोल विहिरीत चार मीटर पाणी असताना किती टोपणं लागतील?

हे उदाहरण मी का घातलं, ते मला त्या वेळी नीट सांगता आलं नसतं. आता वाटतं, ‘कोष्टक चुकलंय’ हे वाक्य आपल्याऐवजी दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून यावं, असं मला हवं होतं.

पाच मिनिटांत वह्या आल्या. सहा. सहा. सहा. बावीस वह्यांत तीच मांडणी: रुंदी तिप्पट म्हणून पावडर तिप्पट, खोली दुप्पट म्हणून त्याची दुप्पट. माळवदेसरांची मांडणी. एकतीस वर्षं त्यांनी या गावाला त्रैराशिक शिकवलं होतं. गावातला गवंडी त्यांच्या पद्धतीने विटा मोजायचा, आचारी त्यांच्या पद्धतीने लग्नातला तांदूळ काढायचा. स्कॉलरशिपच्या परीक्षेत बोरजाईची मुलं जिल्ह्यात यायची ती त्यांच्यामुळेच. ‘पट काढा आणि गुणा’ हे त्यांचं वाक्य इथल्या मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ व्हायचं.

एका वहीत मात्र सहाच्या वर काहीतरी खोडलेलं होतं. मी वही उजेडात धरली. खोडलेल्या रेघांखाली अठरा होतं.

“कावेरी, हे काय लिहिलं होतंस?”

कावेरी शेळके उठून उभी राहिली. आई आजारी असल्यामुळे दोन दिवस घरचा स्वयंपाक तीच करत होती. नखांत पीठ होतं.

“चुकलं बाई. खोडलंय की.”

“चुकलं ते असू दे. आलं कसं ते सांग.”

“भाकरीवरनं.”

मुलं खो-खो हसली. मागून कुणीतरी म्हणालं, “भाकऱ्या थापायचा तास न्हाई गं ह्यो!”

“गप्प बसा. सांग तू.”

“दुप्पट रुंद भाकरी थापायची म्हनलं तर दोन गोळ्यांत न्हाई हुत बाई. चार गोळं लागत्यात. म्या केलीया. तिप्पट रुंद करायची तर नऊ लागतील.” तिने दोन्ही हातांनी हवेत गोल काढला. “तीन गोळ्यांत केली तर ती भाकरी न्हाई, पापड हुईल. मग हीरीचं बी तसंच. नऊ. आन पानी दुप्पट खोल, म्हून अठरा.”

ओसरीत कुणी हसलं नाही. दोन-तीन मुलं मनातल्या मनात भाकरी थापत असावीत.

“मग खोडलंस का?”

तिला माझ्या प्रश्नाचं आश्चर्य वाटलं. “भितीवर सा ठिपकं हायती ना. सरांनी काढल्याती.”

मी आयुष्यात फार चिडत नाही. चिडले तरी आवाज चढत नाही, उलट खाली जातो. त्या दिवशी मात्र फळकुटावरचं उदाहरण मी इतक्या जोरात पुसलं, की खडूचा ठिपकाही उरला नाही. चौदा वर्षांच्या मुलीने पिठाच्या गोळ्यांवरून बरोबर उत्तर काढलं होतं आणि मग स्वतःच्या हाताने ते खोडलं होतं, कारण भिंतीवर काहीतरी वेगळं रंगवलेलं होतं. आणि त्या भिंतीसमोर रोज उभी राहून एक बाई त्याच भिंतीच्या हुकमाने गावाला तिसरा हिस्सा पावडर पाजत होती. तिच्या नळीत पिवळा रंग येत नव्हता. तिने तो येत नसल्याचं सांगितलंही असणार, एकदा नाही, अनेकदा. कुणाला सांगितलं असेल? ज्याला सांगायचं त्यालाच.

शाळेत गेले. सर शिक्षकांच्या खोलीत एकटेच होते. सत्तावन्न वर्षांचा माणूस. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, त्यांवर औषधाचे डाग. सोमवारपासून त्यांनी आजाऱ्यांना स्वतःच्या पाठीवरून आणलं होतं, घाण काढली होती. ते मी पाहिलं होतं, आणि आजही नाकारत नाही.

“या तोरणेबाई. तुमच्याकडंच निरोप धाडणार होतो. उद्या अकराला विस्तार अधिकारी येताहेत, कुलथेसाहेब. पंचनाम्यावर पंच म्हणून दोन सह्या लागतील. एक सरपंचांची, एक तुमची.”

“माझी कशाला, सर?”

“विज्ञानाच्या शिक्षिका म्हणून. चाचणीतलं तुम्हालाच कळतं. मी मसुदा करून ठेवलाय, वाचा.”

त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं: ‘सदर महिला कर्मचारी ठरवून दिलेल्या कोष्टकाप्रमाणे पावडर टाकत नसल्याचे निष्पन्न झाले आहे. तिच्या निष्काळजीपणामुळे एका बालिकेचा मृत्यू ओढवला असून तिच्यावर कायदेशीर कारवाई व्हावी, अशी शिफारस करण्यात येत आहे.’

“हे कशावरून निष्पन्न झालं?”

“तुमच्याच नळीवरून.” सर उत्साहाने पुढे झुकले. “काल दुपारी मी बघितलं ना. काय झकास रंग आला होता! सोमवारी रंग नाही, मंगळवारी सकाळी नाही, दुपारी आला. याचा अर्थ काय? माणूस मेलं तेव्हा बाई घाबरली आणि पहिल्यांदा पूर्ण सहा टोपणं टाकली. आकडा खोटं बोलत नाही, बाई.”

मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होते. गुपचूप केलेली माझी दुरुस्तीच पुरावा म्हणून त्या कागदावर चढली होती.

“सर, काल सहा टाकली नाहीत. अठरा टाकली. मी टाकायला लावली.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. बराच वेळ ते लावत राहिले.

“का?”

“कोष्टक चुकलंय. विहीर तिप्पट रुंद झाली म्हणून पाणी तिप्पट होत नाही. लांबीकडूनही तिप्पट, रुंदीकडूनही तिप्पट. नऊपट होतं. खोली तुम्ही बरोबर धरलीत. रुंदी एकदाच धरलीत, ती दोनदा धरायला हवी होती. जुन्या विहिरीला एक टोपण बरोबरच होतं. नवी विहीर खोदल्यावर तुम्ही पट काढून गुणलंत, तिथं चुकलं. आठवीतल्या पोरीनं आज मला हे सांगितलं.”

“हे तुम्ही मागंही एकदा म्हणाला होतात,” सर म्हणाले.

हो. म्हणाले होते.

दोन वर्षांपूर्वी, याच खोलीत. मी शिक्षणसेवक म्हणून नुकती रुजू झाले होते. मुलांना घेऊन विहिरीवर गेले, कोष्टक पाहिलं, आणि घरी येऊन अर्ध्या तासात हिशेब कागदावर मांडला. सरांनी तो कागद वाचला, चारात दुमडला आणि खणात ठेवला. “हुशार आहात,” म्हणाले, “पण तुमची तीन वर्षांची मुदत आहे. ती नीट पार पडेपर्यंत वर्गातलं बघा.” धमकी नव्हती त्यात. चहा घेणार का, असं विचारावं तसा सूर होता. मी वर्गातलं बघायला लागले. एक पावसाळा गेला, काही झालं नाही. दुसरा गेला, काही झालं नाही. माझी आधीच्या शाळेतली नोकरी धरून मुदत त्या जूनमध्ये पुरी झाली आणि कायम झाल्याचा आदेश हातात आला. आता बोलायचं, असं ठरवलं होतं. मग जुलैत घटक चाचण्या होत्या. मग सरांच्या घरी लग्न होतं. मग ऑगस्ट आला.

“पाच वर्षं ही विहीर चाललीय, बाई,” सर म्हणत होते.

“नशिबावर चाललीय.”

“पाच वर्षं एक माणूस आजारी पडला नाही.”

“पाण्यात घाण उतरली नाही तोवर नाही पडला. यंदा उतरली. अनसाबाईंनी तुम्हाला सांगितलं नव्हतं, रंग येत नाही म्हणून?”

ते खिडकीकडे बघायला लागले.

“सांगितलं होतं की नाही, सर?”

“तिला काय कळतंय रंगातलं? मागच्या महिन्यात आली होती, ‘दोन टोपणं वाढवू का’ विचारत. मी म्हटलं, अंदाजपंचे काम करायचं नाही. कोष्टकाच्या बाहेर एक चिमूटही जाता कामा नये.” मग त्यांचा आवाज एकदम उतरला. “तोरणेबाई, ते कोष्टक चुकलं असं म्हणायचं, तर परटाची ती पोर कुणी मारली म्हणायचं? सांगा ना. मी नऊ महिन्यांनी निवृत्त होतोय. या गावात मी कुठल्या तोंडानं फिरायचं?”

“आणि अनसाबाईंनी?”

“तिचं काय जातंय?” त्यांनी इतक्या सहज विचारलं, की मला आधी तो प्रश्न वाटला. “मानधनावरची बाई ती. कारवाई-बिरवाई काही होत नाही हो, तसं लिहावं लागतं. पंचायत कामावरनं काढील. चार दिवस लोक बोलतील, मग कुणाच्या तरी रानात खुरपायला जाईल. आपल्यासारख्यांचं तसं आहे का? नावाला लागलं की लागलं.”

‘आपल्यासारख्यांचं’ म्हणताना त्यांनी हात माझ्याकडेही फिरवला. त्यांनी मला आपल्यात धरलं होतं, आणि दोन वर्षांचा हिशेब केला तर ते बरोबरच होतं. सोयीची बाई सापडली होती. तिला वाचता येत नव्हतं, ती खुर्चीवर बसत नव्हती, आणि तिने तक्रार केली तरी ती अंदाजपंचे ठरत होती. एकतीस वर्षं पट काढून गुणायला शिकवणाऱ्या माणसाने अपराधाचीही वाटणी केली होती आणि सगळा तिच्या वाट्याला घातला होता.

मी कागद टेबलावर ठेवला.

“सही उद्या घेतो,” सर म्हणाले. “शांत डोक्यानं विचार करा. अठरा टोपणांचं तुम्हाला, मला आणि तिलाच माहीत आहे. ती बोलायची नाही.”

गुरुवारी सकाळी मी एक पानभर निवेदन लिहिलं. विहिरीची मापं, पाण्याचं घनफळ, हजार लिटरला पाच ग्रॅम पावडर, एका टोपणात सत्तर ग्रॅम. शेवटी निष्कर्ष: कोष्टकातील प्रमाण आवश्यकतेच्या एक-तृतीयांश. सगळं दोनदा तपासलं. त्यात चूक एकही नव्हती. ‘मी’ हा शब्दही नव्हता.

अकरा वाजता शाळेच्या पटांगणात शेडखाली टेबल मांडलं. कुलथेसाहेब, सरपंच, माळवदेसर आणि मी खुर्च्यांवर. समोर गाव. मध्ये मोकळ्या जागेत अनसाबाई जमिनीवर बसल्या होत्या, इस्त्रीचं लुगडं नेसून. ऋतुजाचा बाप मागे खांबाला टेकून उभा होता. तो कुणाकडेच बघत नव्हता.

“नाव?” कुलथेसाहेबांनी विचारलं.

“अनसाबाई भिवा मदने.”

“रोज पावडर टाकत होतीस?”

“रोज. नागपंचमीला बी टाकली.”

“किती?”

“सा टोपणं. कोष्टकाबरहुकूम.”

“मग रंग का येत नव्हता?”

“त्येच मी इचारत हुते, सायेब.”

मागून आवाज आला, “म्हशीला इचार म्हणावं!” हशा पिकला. सरपंचांनी हात वर करून तो थांबवला, पण स्वतःही मिशीत हसत होते.

कुलथेसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना तीन गावं करायची होती आणि पाचला जीप परत द्यायची होती. “हे बघ बाई,” ते म्हणाले, “मंगळवारी दुपारी रंग आला. मुख्याध्यापकांनी स्वतः बघितलाय. म्हणजे पुरेशी पावडर टाकली की रंग येतो, बरोबर? मग मंगळवारी किती टाकलीस?”

अनसाबाईंनी तोंड उघडलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाहण्यात तक्रार नव्हती, विनंतीही नव्हती. सांगू का, एवढंच विचारलं होतं. मी लगेच हो म्हणायला हवं होतं. मला तेवढ्यालाही वेळ लागला, आणि त्या वेळात त्यांनी आपल्या समजुतीने उत्तर घेऊन टाकलं.

“त्ये म्या सांगनार न्हाई, सायेब.”

“का?”

“सबुद दिलाय.”

“कुणाला?”



“गोठ्यातल्या म्हशीला!” पुन्हा तोच आवाज. या वेळी हसणं जास्त मोठं होतं. एक म्हातारी ओरडली, “पोर खाल्ली आन सबुद सांगती!” कुणीतरी मातीचं ढेकूळ भिरकावलं. ते त्यांच्या लुगड्याच्या काठावर फुटलं. त्यांनी काठ झटकला आणि पुन्हा मांडीवर हात ठेवून बसल्या.

“बघा साहेब,” माळवदेसर हळूच म्हणाले. “आणखी काय पाहिजे?”

कुलथेसाहेबांनी पंचनामा सरपंचांपुढे केला. सरपंचांनी सही केली. मग तो कागद माझ्यासमोर आला, वर पेन ठेवलेलं. “इथं, बाई. नावाखाली हुद्दा लिहा.”

मी पेन उचललं नाही. पर्समधून माझं निवेदन काढलं, उलगडलं. तो कागद पुढे सरकवला असता तरी काम झालं असतं. कोष्टक चुकलेलं आहे हे सिद्ध झालं असतं, अनसाबाई सुटल्या असत्या, आणि हे मला नुकतंच, बुधवारच्या तासाला लक्षात आलं असं सगळ्यांनी धरलं असतं. सरांनीही ते खोडून काढलं नसतं. त्यांनाही ते सोयीचंच होतं. समोर एक बाई मला दिलेला शब्द पाळत मातीत बसली होती. मला स्वतःची इतकी चीड त्याआधी कधी आली नव्हती आणि त्यानंतरही आलेली नाही.

मी उभी राहिले.

“साहेब, तो शब्द त्यांनी मला दिलाय. मंगळवारी त्यांनी अठरा टोपणं टाकली, मी सांगितलं म्हणून. कुणाला बोलू नका, हेही मीच सांगितलं.”

“तोरणेबाई,” सर म्हणाले. “बसा.”

“अनसाबाई रोज कोष्टकाप्रमाणेच पावडर टाकत होत्या. कोष्टक चुकीचं आहे. या विहिरीला जेवढी लागते तिचा तिसरा हिस्साच त्यात लिहिलाय. रंग येत नाही हे त्यांनी सरांना महिनाभर आधी सांगितलं होतं, आणि सरांनी त्यांना वाढवू दिली नाही.”

सर टेबलाच्या कडेकडे बघत होते. मागे खांबाशी असलेल्या माणसाने मान वर केली आणि पहिल्यांदा कुणाकडे तरी पाहिलं. माझ्याकडे. मी हातातला कागद परत दुमडला, कारण जे सांगायचं होतं ते त्यात नव्हतं.

“म्हणजे ही चूक तुमच्या आत्ता लक्षात आली?” कुलथेसाहेबांनी विचारलं. ते लिहायला लागले होते.

“नाही,” मी म्हणाले. “दोन वर्षांपूर्वी आली. नोकरी कायम व्हायची होती म्हणून मी गप्प बसले, आणि कायम झाल्यावरही गप्प बसले. हे माझ्या नावासकट लिहून घ्या. वसुधा तोरणे. त्याखाली मी सही करते.”